असा कोणी इथे नाही

काचेच्या पेटीतल्या पोरीसाठी मशीन श्वास घेत होतं, आणि पेटीबाहेर स्टुलावर बसलेली तिची आई स्वतःचा श्वास घ्यायला विसरत होती. पोर कालच जन्मली होती. सातवा महिना जेमतेम लागलेला, वजन म्हणाल तर दोन ओंजळी मीठ भरेल तेवढं. तिची छाती वर जायची, खाली यायची. खाली गेली की आई मनात आकडे मोजायची आणि वर आली की पुन्हा पहिल्यापासून. सकाळपासून हाच उद्योग चालला होता. मशीनकडे बघायला आम्ही आहोत, तुम्ही जरा पडा, असं सिस्टरने दोनदा सांगून पाहिलं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाईने मान डोलावली आणि तिथेच बसून राहिली.

ती आली होती खाडीच्या तोंडावरच्या मिठागरातून. तिथे माणसं थोडी आणि मीठ फार. रस्ता नाही, होडी आहे, आणि होडीसुद्धा भरतीच्या मर्जीने चालते. काल सकाळी वाफ्यातलं मीठ ओढता ओढता तिच्या पोटात कळ आली. आधी तिला वाटलं, उन्हाने असेल. दुसरी कळ आली तेव्हा हातातली फळी गळून पडली. सासूने आरडाओरडा करून होडी काढायला लावली. नवरा तेव्हा पार टोकाच्या वाफ्यांवर होता. त्याला बोलवायला माणूस पाठवला असता तर तो येईपर्यंत पाणी ओसरलं असतं. सासू म्हणाली, पाणी थांबणार नाही, तो मागून येईल.

भर खाडीत पोर जन्माला आली. त्याच वेळी किनाऱ्यावर दुपारच्या जेवणाचा भोंगा वाजत होता. सासूने पोरीला पदरात गुंडाळलं आणि रडत रडतच म्हणाली, "बरोबर जेवायच्या वेळेला हजर झाली बघ." पोर एकदाच रडली, तेही कोंबडीच्या पिल्लासारखं. मग होडी चिखलात रुतली. ओहोटीला तुमची घाई कळत नाही. दोन माणसं कमरेइतक्या चिखलात उतरून ढकलत राहिली आणि पलीकडच्या गावातला छोटा दवाखाना गाठेपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या. तिथल्या माणसांनी मात्र कमाल केली. पोर निळी पडत होती, तिच्या घशात नळी घातली, मोठ्या शहराला फोन लावला, गाडी मागवली. त्या धावपळीत जन्माची वेळ विचारायची राहिली आणि दवाखान्यात आल्याची वेळ तीच जन्माची म्हणून लिहिली गेली. गाडीत आईपुरतीच जागा होती. सासू मागे फिरली.

तर आज सकाळी चष्मेवाली डॉक्टर तिच्यासमोर दुसरं स्टूल ओढून बसली. डॉक्टर काही वयाने फार मोठी नव्हती, पण बोलणं सावकाश होतं, आणि समोरच्याला कळलं की नाही हे बघून मगच पुढचं वाक्य घ्यायची. इतक्या लवकर आलेल्या बाळांची फुप्फुसं कच्ची असतात, ती सांगू लागली. मशीन जगवतं, पण तेच मशीन त्या कोवळ्या फुप्फुसांना जखमाही करतं. या जखमा टाळण्यासाठी एक नवं औषध आलंय. ते उपयोगी पडेल असं वाटतंय, पण अजून खात्री नाही. म्हणून इथे त्याचा अभ्यास चालू आहे. अभ्यासात घेतलेल्या निम्म्या बाळांना औषध मिळतं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे आईबापांना कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही.

मिठाचं पाणी म्हटल्यावर बाईला हसू की रडू असं झालं. मिठाच्या पाण्यात तिचा जन्म गेला होता. पायाला भेगा पडल्या होत्या त्या त्याच पाण्याने.

डॉक्टरने तीन अटी सांगितल्या. पोर बरी होऊन घरी गेली तरी दोन वर्षं तिला दर महिन्याला इथे आणायचं. पूर्ण ऐकायच्या आधीच बाई हो म्हणाली. होडी, मग बस, मग दुसरी बस, आणि जायचा दिवस, यायचा दिवस, दोन्ही बिनकामाचे, हा हिशेब तिने पुढे ढकलला. आधी पोर तर राहू दे. दुसरी अट, आई आणि बाप दोघांनी हो म्हणायचं. येणं जमत नसेल तर बापाने फोनवर, साक्षीदारासमोर. आणि तिसरी अट वेळेची. औषध जन्मानंतर एका दिवसाच्या आत सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती आहे.

"म्हणजे आज संध्याकाळपर्यंत आपल्याला वेळ आहे," डॉक्टर म्हणाली.

बाईचं तोंड उघडलं होतं. संध्याकाळ नाही, दुपार, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिने विचार केला, आत्ता कुठे सकाळ आहे. अर्ध्या तासात नवऱ्याचा हो येईल आणि दुपारच्या कितीतरी आधी सुई टोचून होईल. मग उगाच कशाला नसता घोळ घालायचा? वेळ चुकीची लिहिलीय म्हटलं तर चार गोष्टी विचारत बसतील, त्या गावाला फोन करतील, कागद बदलतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने तोंड मिटलं आणि नवऱ्याचा नंबर सांगितला. तो एकच नंबर तिला पाठ होता.

शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई खिडकीजवळ बसायची. तीही कालच बाळंत झालेली, पण केस विंचरलेले, अंगावर घरचा गाऊन, उशीसुद्धा घरची. तिचा नवरा ऑफिसच्या कपड्यांत आला, डॉक्टरशी बोलला, चार प्रश्न विचारले, सही केली, बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला सुद्धा. दोन स्टॉपवरच त्याचं ऑफिस होतं. जाताना त्याने मिठागरवालीलाही हात जोडून नमस्कार केला. माणूस भला होता, त्याच्यावर राग धरायला काही जागाच नव्हती. तरी बाईच्या मनात काहीतरी टोचलं ते टोचलंच.

डॉक्टर परत आली ती वेगळ्या चेहऱ्याने.

"ताई, तुम्ही दिलेल्या नंबरवर एक गृहस्थ होते. मी तुमच्या नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं. ते म्हणाले, असा कोणी इथे नाही, केव्हाच काम सोडून गेला. दवाखान्यातून बोलतेय हे सांगायच्या आधीच फोन ठेवला." मग आवाज खाली घेऊन तिने विचारलं, "बाळाचे वडील आहेत ना?"

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. गेटकाका! दुसरं कोण असणार?

आता हे गेटकाका प्रकरण काय आहे ते सांगितलं पाहिजे. मिठागरात खाऱ्या हवेने फोन आठ दिवसांत मरतात, आणि वाफ्यांवर रेंजही नसते. म्हणून सगळ्यांचे फोन गेटवरच्या खोलीत, पहारेकऱ्याच्या टेबलावर एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेले असतात. तोच ते उचलतो, तोच निरोप पोचवतो. माणूस अतिशय विश्वासाचा. मिठागरावरच्या माणसांच्या मागे कोणी ना कोणी लागलेलं असायचंच. कधी जुना ठेकेदार, कधी कुठला वसुलीवाला. म्हणून त्याने आपला एक कायदा करून टाकला होता. अनोळखी आवाजाने कोणाला पूर्ण नावाने विचारलं की उत्तर एकच, असा कोणी इथे नाही. ओळखीचा माणूस कधी पूर्ण नाव घेतच नाही, हा त्याचा तर्क, आणि तो खोटाही नव्हता. तिच्या नवऱ्याला सगळं मिठागर मुका म्हणायचं. बोलता येत नव्हतं म्हणून नाही, बोलायचा नाही म्हणून. त्याचं खरं नाव निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. मागच्याच महिन्यात पलीकडच्या मिठागराचा एक माणूस त्याचा माग काढत होता, तेव्हा हिनेच गेटकाकांना बजावून सांगितलं होतं की काका, आमच्या ह्यांना कोणी विचारलं तर लांबूनच कटवा. काकांनी कटवला होता. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले होते.

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. आणि तो पाय एवढुशा पोरीचा.

तिने हे सगळं डॉक्टरला सांगायचा प्रयत्न केला. भीतीने जीभ अडखळत होती, मधली वाक्यं गळत होती, आणि मुका, डबा, ठेकेदार असं काय काय ऐकून डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली. शंका नव्हती ती, समजून घ्यायची धडपड होती. पण बाईला ती शंकाच वाटली. नवराच नसलेली बाई, हे पोर कोणाचं, असं आता सगळा वॉर्ड म्हणणार असं तिला वाटलं.

"मला बोलू द्या. माझा आवाज ते ओळखतील," ती म्हणाली.

खिडकीजवळचीने न विचारताच आपला फोन पुढे केला. नंबर फिरवला. फोन बंद.

ते तिला माहीतच असायला हवं होतं. गेटकाकांच्या कायद्याचं दुसरं कलम होतं ते. संशयाचा फोन आला की तो फोन बंद करून ठेवायचा, म्हणजे विचारणारा कंटाळतो. जेवणाची सुट्टी होऊन माणसं आपापले फोन बघायला गेटवर आली की मग चालू करायचा. काका कामाला पक्का, कधी विसरायचा नाही.

जेवणाची सुट्टी म्हणजे भोंगा. आणि भोंगा म्हणजे एक दिवस पूर्ण.

तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. खिडकीजवळची म्हणाली, फोन तुमच्याकडेच राहू द्या. वॉर्डात भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं, आणि मग त्याच्याशिवाय दुसरं काही तिला दिसेना. मिठागराच्या ऑफिसचा नंबर कोणाकडे नव्हता. डॉक्टरने तो शोधायला एकाला बसवलं, तर सापडलेल्या नंबरवर कोणी उचलेना. छोट्या दवाखान्याला फोन केला. ते बिचारे म्हणाले, माणूस पाठवतो, पण भरती आल्याशिवाय होडी सुटणार नाही. पोरीची छाती वर गेली, खाली गेली. मध्येच मशीनने एक लांब सूर काढला, सिस्टर धावली, नळी साफ केली, सूर थांबला. सिस्टर म्हणाली, असं होतं, घाबरू नका.

दुपार झाली. इथे भोंगा नव्हता, नुसते दोन काटे एकावर एक आले आणि सुटले. शिपायाने जेवणाची गाडी फिरवली. बाईने ताट घेतलं नाही. आत्ता सांगावं का? सांगितलं तर डॉक्टर हात जोडेल आणि दुसऱ्या पेटीकडे जाईल. नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दार उघडं आहे. कोणाला कळणार? सासूला कळणार, ती बोलणार नाही. होडीवाल्या दोघांना कळणार, त्यांना कोण विचारतंय?

पण रक्तस्राव हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. डॉक्टरने तो किती हळू आवाजात उच्चारला होता.

काटे बरेच पुढे सरकले आणि एकदाची रिंग वाजली. गेटकाकांनी उचलला आणि ताठ आवाजात म्हणाले, "कोण पाहिजे?"

"काका, मी बोलते. मुक्याची बायको."

काकांचा आवाज एकदम बसला. सूनबाई, पोरगी कशी आहे, असं ते विचारू लागले. सकाळचा फोन दवाखान्याचा होता हे तिने सांगून टाकलं. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायलाही वेळ लागतो. मुका कुठे आहे, तिने विचारलं. मुका रात्रभर धक्क्यावर बसून होता, पहिल्या भरतीला होडी मिळाली नाही, आता दुसरीची वाट बघतोय, काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता धावायलाच लागले असावेत, कारण फोनमध्ये नुसता वारा आणि धाप ऐकू येऊ लागली.

मुक्याने फोन घेतला. "जिवंत आहे?" एवढंच विचारलं.

तिने हो म्हटलं आणि औषधाचं सांगितलं. डॉक्टर सिस्टरला साक्षीदार म्हणून घेऊन जवळ येऊन उभी राहिली होती, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला होता. डॉक्टरने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश. मुका ऐकत राहिला. तो ऐकतोय की फोन कटलाय हे कळत नव्हतं. शेवटी तो बोलला, आणि लग्नानंतर एका दमात इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"माझी पोर उंदीर नाही. हे लोक आधी गरिबाच्या लेकरावर करून बघतात आणि लागू पडलं की पैसेवाल्याला देतात. आपल्यावरच का? तिला मशीनवर ठेवा, बाकी काही टोचू नका."

डॉक्टर काही बोलणार होती. बाईने तिला हाताने थांबवलं. सकाळपासून जे टोचत होतं ते आत्ता तिला सापडलं.

"अहो, आपल्यावर करतच नाहीत," ती म्हणाली. "इथे सगळी जवळची बाळं आहेत. कोणाचा नवरा दोन स्टॉपवरून येतो, सही करून परत कामावर जातो. आपल्यासारखी एक नाही. आपली पोरं इथवर येईपर्यंत वेळ संपलेली असते. उद्या हे औषध निघालं तर ते यांच्या पोरांवर बघितलेलं असेल. भेगा पडलेल्या आयांच्या पोरांना ते चालतं का, कोणाला ठाऊक?"

खिडकीजवळचीने मान खाली घातली. डॉक्टरनेही घातली, कारण ती तीन वर्षं हेच काम करत होती आणि खाडीपलीकडचं बाळ तिच्या अभ्यासात हे पहिलंच आलं होतं.

"तुला काय वाटतं?" मुक्याने विचारलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "दिलं तरी वाटते, नाही दिलं तरी वाटते."

मग मुका डॉक्टरला म्हणाला, अगदी स्पष्ट, साक्षीदाराला लिहून घेता येईल असं, "मी बाप आहे. माझी संमती आहे. द्या तिला." आणि पाठोपाठ हलकेच, "फोन ठेवू नका. मी इथेच आहे."

मग एकदम गडबड उडाली. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. कोणीतरी आतून सीलबंद पाकीट आणलं, सिस्टरने हात धुतले, डॉक्टरने पेटीची लहान खिडकी उघडली. आतली पोर सुईच्या वाटेत पाय आखडून पडली होती. तिचा पाय आईच्या करंगळीएवढा होता.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं किती सोपं, मुक्याची बायको ती, तिला काय शिकवायचं? निम्म्यांना मिठाचं पाणीच मिळतं. मिठाचं पाणी असेल तर उशिराचा काय प्रश्न? आणि औषध असेल तर? तर चार तासांनी काय बिघडतं? ओहोटीत चार तास रुतलेली होडीसुद्धा सुटतेच. ती स्वतःला असं समजावत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या मुठीएवढ्या डोक्यात कुठेतरी लाल धागा सुटत चालला होता.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली. "चारएक तास इकडेतिकडे झाले तर चालतं का हो?"

डॉक्टरचा हात थांबला. तिने मान वळवून बाईकडे पाहिलं, आणि काही विचारायची गरजच उरली नाही. तरी तिने विचारलं.

"कधी जन्मली ती?"

"दुपारच्या भोंग्याला. होडीत."

डॉक्टरने पेटीची खिडकी लावून घेतली. पाकीट सिस्टरच्या हातात परत दिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. सकाळीच का नाही सांगितलंत, एवढंच ती म्हणाली, आणि बाईने खरं तेच सांगितलं, की सकाळी वेळ होता. मग डॉक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं की बाकीचे सगळे उपचार चालूच राहतील, त्यात काही कमी होणार नाही. औषधाने फरक पडला असता की नाही हे मलाही माहीत नाही, ती म्हणाली. खोटा धीर देणारी नव्हती ती, आणि म्हणूनच बाईला जास्त भीती वाटली.

फोन स्टुलावर तसाच चालू होता.

"दिलं का?" मुक्याने विचारलं. त्याच्या आवाजात कधी नव्हे ती आशा होती. मघाशी पोरीला काही टोचू नका म्हणणारा माणूस आता त्या सुईवर जीव टांगून खाडीच्या काठावर उभा होता.

"नाही दिलं," ती म्हणाली. "आपण लांब राहतो."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. पलीकडे भरतीचं पाणी धक्क्याला लागल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी होडीसाठी हाका मारत होतं.

"मग आता?" त्याने विचारलं.

पोरीची छाती खाली गेली. ती पुन्हा वर येईपर्यंत बाईने उत्तर दिलं नाही.